चौकटीचे कर्तृत्व आणि चौकटीची मर्यादा : 'जँगो'चे एक परीक्षण

१

संगणकासाठी आज्ञावली लिहिणाऱ्या आजच्या माणसाच्या हाती कोरा कागद क्वचितच येतो. तो काम आरंभितो तेव्हा त्याच्यापुढे दुसऱ्या कोणी आधीच उभी करून ठेविलेली एक रचना असते, आणि तिच्यातील मोकळ्या जागा भरणे हेच बव्हंशी त्याचे काम असते. या रचनेला 'फ्रेमवर्क' म्हणतात. प्रस्तुत लेखात तिच्यासाठी 'चौकट' हा शब्द योजिला आहे. हा शब्द केवळ भाषान्तरापुरता सोयीचा आहे असे नव्हे. घर बांधताना गवंडी दाराची चौकट आधी उभी करितो आणि मग तिच्या अंगाने भिंत चढवितो. चौकट एकदा बसली की दार केवढे असणार, ते कोणत्या बाजूस उघडणार आणि आत येणाऱ्याला किती वाकावे लागणार, हे सारे ठरून जाते. भिंत बांधणाऱ्याला त्यात पुढे फारसा फेरफार करिता येत नाही.

या चौकटींविषयी आपल्याकडील चर्चेत दोन मते आढळतात. पहिले मत असे की, चौकट हे निव्वळ साधन होय. सुताराने कोणता रंधा वापरला यावरून खुर्चीचे मोल ठरत नाही. त्याचप्रमाणे आज्ञावली कोणत्या चौकटीत लिहिली याला महत्त्व नाही. दुसरे मत याच्या उलट टोकाचे आहे. चौकटीमुळे विद्यार्थी आयत्या बिळावर नागोबा होऊन बसतो, त्याला आतले काही कळत नाही, सबब चौकटी अभ्यासक्रमातून शक्य तितक्या दूर ठेवाव्यात, असे या पक्षाचे म्हणणे. ही मते परस्परविरोधी दिसत असली तरी एका बाबतीत त्यांचे एकमत आहे. चौकट ही वाचण्याजोगी वस्तू आहे, असे दोन्ही पक्षांना वाटत नाही. पहिला पक्ष ती वापरून मोकळा होतो, दुसरा ती टाळून.

प्रस्तुत लेखकाचे मत असे की, चौकट ही एक कृती आहे. तिला कर्ते आहेत, स्थल आहे, काल आहे. जगाविषयी तिने काही गृहीत धरिले आहे. म्हणून जी दृष्टी आपण एखाद्या ग्रंथाकडे पाहताना ठेवितो, तीच तिच्याकडे पाहतानाही ठेविली पाहिजे. हे मत नुसते मांडून भागणार नाही. एका चौकटीवर ते लावून दाखविले पाहिजे. त्यासाठी 'जँगो' ही चौकट निवडली आहे. ती सर्वांस खुली आहे, तिचे दस्तऐवज विपुल आहेत, आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत ती वारंवार भेटते.

२

परीक्षणास हात घालण्यापूर्वी चौकट म्हणजे काय आणि लायब्ररी म्हणजे काय, हा भेद स्पष्ट केला पाहिजे, कारण पुढील सर्व विवेचन त्यावर अवलंबून आहे. लायब्ररी ही शब्दकोशासारखी असते. लेखकाला शब्द अडला की तो कोश उघडतो, शब्द घेतो आणि कोश मिटून पुन्हा आपल्या वाक्याकडे वळतो. वाक्य कसे चालावे हे कोश ठरवीत नाही. चौकटीचे तसे नाही. तिची तुलना करावयाची तर अक्षरगणवृत्ताशी करावी. कवीने शार्दूलविक्रीडित पत्करिले की लघुगुरूंचा क्रम आणि यतीचे स्थान वृत्त सांगते; कवीने त्या जागी बसेल असा शब्द आणावयाचा. म्हणजे येथे नियंत्रणाची दिशाच उलटते. लेखक चौकटीला हाक मारीत नाही, चौकट लेखकाला हाक मारिते. 'तुम्ही आम्हाला बोलावू नका, आम्ही तुम्हाला बोलावू' हे हॉलिवुडच्या नावाने प्रसिद्ध असलेले वचन या क्षेत्रात याच अर्थाने वापरले जाते.

या कल्पनेचा इतिहास अर्धशतकाजवळ येत आहे. झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात नॉर्वेचे संशोधक त्रिग्वे रेन्सकाउग यांनी १९७९ मध्ये 'मॉडेल, व्ह्यू, कंट्रोलर' ही त्रयी मांडिली. विषयवस्तू, तिचे दर्शन आणि वापरणाऱ्याच्या कृतींचे नियमन या तीन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात, हा तिचा आशय. १९८८ मध्ये राल्फ जॉन्सन आणि ब्रायन फूट यांनी पुनर्वापरयोग्य वर्गांच्या रचनेवर लिहिलेल्या निबंधात नियंत्रणाचा हा व्यत्यास चौकटीचे वैशिष्ट्य म्हणून नोंदविला. तेव्हापासून लायब्ररी आणि चौकट यांतील हा भेद सर्वमान्य झाला आहे.

परंतु या भेदाने चौकटीचे स्वरूप कळते, तिचे मोल ठरविण्याचा निकष मिळत नाही. तो निकष फ्रेडरिक ब्रूक्स यांच्या १९८६ मधील एका निबंधातून घेता येतो. आज्ञावली रचण्यातील अडचणींचे त्यांनी ॲरिस्टॉटलला अनुसरून दोन वर्ग पाडले. काही अडचणी स्वरूपगत, म्हणजे विषयाच्या गाभ्यातच असणाऱ्या. आणि काही आगंतुक, म्हणजे साधनांच्या अपुरेपणामुळे उद्भवणाऱ्या. हा भेद चौकटीला लाविला की तिचे खरे कार्य ध्यानात येते. प्रत्येक चौकट आपल्या वापरणाऱ्याला एक आश्वासन देते: 'अमुक इतका भाग आगंतुक आहे, तो माझ्यावर सोपवा; स्वरूपगत भाग तेवढा तुम्ही पाहा.' तिचे सारे सामर्थ्य या आश्वासनात आहे, आणि तिचा सारा धोकाही त्यातच आहे. कारण आगंतुक काय आणि स्वरूपगत काय याचा निवाडा करणारे लोक एका विशिष्ट ठिकाणी, विशिष्ट कामात गुंतलेले असतात. त्यांच्या कामात जे आगंतुक, ते दुसऱ्याच्या कामात स्वरूपगत असू शकते.

३

जँगोचा जन्म वृत्तपत्राच्या कचेरीत झाला, ही गोष्ट तिच्या अभ्यासकाने क्षणभरही विसरता कामा नये. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात लॉरेन्स नावाचे गाव आहे. तेथील 'लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड' या दैनिकात ॲड्रियन होलोव्हाटी आणि सायमन विलिसन हे दोघे २००३ मध्ये वृत्तपत्राची संकेतस्थळे रचण्याचे काम करीत होते. वृत्तपत्राचा धंदा वेळेचा. आज सुचलेली कल्पना काही तासांत वा दिवसांत वाचकांपुढे आली पाहिजे, असा तेथील तगादा असे. त्या तगाद्यातून, पायथन भाषेत, ही चौकट हळूहळू घडत गेली. जुलै २००५ मध्ये ती खुल्या परवान्याने सर्वांना देण्यात आली आणि जँगो राइनहार्ट या गिटारवादकाचे नाव तिला मिळाले. पहिली पूर्ण आवृत्ती, म्हणजे १.०, सप्टेंबर २००८ मध्ये निघाली.

आता या चौकटीचे अंतरंग पाहिले तर वृत्तपत्राच्या खुणा जागोजाग आढळतात. दस्तऐवजांतील आरंभीचे उदाहरणच बातमीदार आणि लेख यांचे आहे. वर्ष, महिना आणि दिवस यांनुसार मजकुराची जंत्री करणारी दर्शने तिच्यात आयती मिळतात. वृत्तपत्राची जुनी दप्तरे अशीच लाविलेली असतात. एकच मजकूर दोन संकेतस्थळांवर प्रसिद्ध करण्याची सोय तिच्यात आहे, कारण त्या कचेरीतून दोन संकेतस्थळे चालत असत. लेखाच्या वेब-पत्त्यातील छोट्या नावाला ती 'स्लग' म्हणते. हा शब्द मुळी छापखान्यातला आहे.

याहून महत्त्वाची खूण श्रमविभागणीची आहे. वृत्तपत्रात मजकूर भरणारा संपादक वेगळा, पानाची मांडणी करणारा कलावंत वेगळा आणि यंत्र चालविणारा वेगळा. जँगोने ही विभागणी जशीच्या तशी उचलली. संपादकासाठी तिने 'ॲडमिन' हे व्यवस्थापनाचे दालन दिले. विषयवस्तूची व्याख्या एकदा लिहिली की नोंदी भरण्याची, सुधारण्याची आणि शोधण्याची पाने आपोआप तयार होतात. मांडणीकारासाठी तिने साच्यांची एक स्वतंत्र भाषा केली, आणि त्या भाषेतून पायथनची मनमानी आज्ञा देता येणार नाही अशी बुद्धिपुरस्सर व्यवस्था ठेविली. पुष्कळांना हे बंधन जाचक वाटते. परंतु ज्या कचेरीत मांडणी करणारा हात आणि आज्ञावली लिहिणारा हात निरनिराळे असतात, तेथे ते बंधन दोघांचेही रक्षण करिते. चौकटीचा एखादा नियम विक्षिप्त वाटला तर तो कोणाच्या कामासाठी केला, असे आधी विचारावे. बहुधा उत्तर मिळते.

४

जँगोचे गुण मोजताना वेगाचा उल्लेख नेहमी होतो. माझ्या मते तिचा मोठा गुण दुसराच आहे. अनभ्यस्त माणसाच्या हातून सहज घडणारे प्रमाद तिने मुळातच अवघड करून ठेविले आहेत.

याचे एक उदाहरण पुरे आहे. वापरणाऱ्याने भरलेला मजकूर जसाच्या तसा पानावर छापला, तर त्यात दडविलेली आज्ञा दुसऱ्या वाचकाच्या ब्राउझरमध्ये चालू शकते. हा दोष टाळण्यासाठी प्रत्येक ठिकाणी मजकुरातील विशिष्ट चिन्हे निष्प्रभ करावी लागतात. हे काम माणसाच्या स्मरणावर सोडले तर एक ना एक ठिकाण निसटणारच. जँगोने १.० या आवृत्तीपासून हे काम साच्याकडे दिले. आता मजकूर निष्प्रभ न करावयाचा असेल तर तसे मुद्दाम लिहावे लागते. म्हणजे सावधपणासाठी नव्हे, तर बेसावधपणासाठी श्रम पडतात. चौकटीच्या कर्त्यांनी येथे आगंतुक काय ते अचूक ओळखिले आहे. चिन्हे निष्प्रभ करणे हे कोणत्याही विषयाच्या गाभ्यातले काम नव्हे.

या गुणाचे मोल दुसऱ्या एका प्रसंगाशेजारी ठेविले म्हणजे अधिक कळते. 'रुबी ऑन रेल्स' ही जँगोची समकालीन चौकट, डेव्हिड हाइनेमाइर हॅन्सन यांनी बेसकँप या आज्ञावलीतून वेगळी काढून २००४ मध्ये प्रसिद्ध केली. संकेताने जे ठरते ते लिहावयास लावू नये, हे तिचे सूत्र. त्याच सूत्राच्या ओघात अर्जातून आलेली सर्व मूल्ये एका आज्ञेने नोंदीत उतरविण्याची सोय तिच्यात होती. मार्च २०१२ मध्ये एका तरुणाने याच सोयीचा उपयोग करून गिटहब या संकेतस्थळावर रेल्सच्या स्वतःच्या भांडारात लिहिण्याचा अधिकार मिळविला आणि तसे लिहूनही दाखविले. अर्जात ज्याची विचारणाच नव्हती असे मूल्य त्याने धाडले आणि चौकटीने ते निमूटपणे स्वीकारिले. २०१३ च्या ४.० आवृत्तीत रेल्सने हा क्रम उलटविला. कोणती मूल्ये स्वीकारावयाची ते नावानिशी सांगणे आवश्यक केले. जँगोनेही पुढे आपल्या अर्जांच्या बाबतीत हाच कित्ता गिरविला, आणि १.८ या आवृत्तीपासून क्षेत्रांची यादी देणे वा वगळावयाची क्षेत्रे सांगणे अनिवार्य ठरले. यावरून असे दिसते की, चौकटीतील 'न सांगता होणारी गोष्ट' ही तटस्थ नसते. तिला हजारो लोकांच्या वतीने घेतलेल्या निर्णयाचे वजन असते.

५

आता दोषांकडे वळू. पहिला दोष जँगोचा एकटीचा नाही. त्या जातीच्या बहुतेक चौकटींत तो आहे. डेटाबेसशी बोलण्याची भाषा ती वापरणाऱ्यापासून झाकून ठेविते. समजा, १०० लेखांची यादी करावयाची आहे आणि प्रत्येकापुढे लेखकाचे नाव द्यावयाचे आहे. साच्यात हे दोन ओळींत लिहिता येते आणि ते चालतेही. परंतु पडद्याआड यादीसाठी एक आणि प्रत्येक लेखकासाठी एक, असे एकूण १०१ प्रश्न डेटाबेसला विचारले जातात. संबंधित नोंदी सोबत आणण्याची एक सूचना दिली की तेच काम एका प्रश्नात होते. उपाय आहे, तो दस्तऐवजांत लिहिलेलाही आहे. परंतु झाकलेली वस्तू झाकलेली आहे हेच ज्याला ठाऊक नाही, तो उपाय शोधावयास जाणार कसा? दहा नोंदींवर तपासलेला प्रकल्प दहा हजार नोंदींवर कोसळतो, त्याचे कारण पुष्कळदा येथे सापडते.

दुसरा दोष आपल्या दृष्टीने अधिक मोलाचा आहे. येथेच आगंतुक आणि स्वरूपगत यांची सीमा चुकली आहे. वर ज्या 'स्लग'चा उल्लेख केला, तो लेखाच्या शीर्षकावरून तयार करण्यासाठी जँगोत 'स्लगिफाय' नावाचे एक उपकार्य आहे. त्याचा मूळचा नियम असा: रोमन लिपीतील साधी अक्षरे, अंक, अधोरेखा आणि जोडरेघ एवढे ठेवावे, बाकीचे गाळावे. फ्रेंच शब्दावरील स्वरचिन्ह गळते आणि अक्षर उरते. त्यामुळे युरोपातील पुष्कळ भाषांचे फारसे नुकसान होत नाही. परंतु या उपकार्याला संपूर्ण देवनागरी शीर्षक दिले, तर उत्तरादाखल रिकामी ओळ मिळते. काहीच उरत नाही.

डिसेंबर २०१५ मध्ये निघालेल्या १.९ या आवृत्तीत इतर लिप्यांसाठी एक मुभा ठेविण्यात आली. ती मागितली की देवनागरी अक्षरे राहतात. येथे प्रश्न सुटला असे वाटेल; वस्तुतः तो येथे अधिक गुंतागुंतीचा झाला. ही मुभा पायथन भाषेच्या ज्या नमुना-शोधक यंत्रणेवर उभी होती, तिच्या लेखी शब्दाचे घटक म्हणजे वर्ण, अंक आणि अधोरेखा. युनिकोडने ज्यांना 'चिन्ह' या वर्गात घातले आहे ते काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार आणि हलन्त हे शब्दघटक ठरत नाहीत. ते गाळले जातात. परिणामी 'मराठी' या शब्दाचे 'मरठ' होते. 'पुणे', 'पाणी' आणि 'पण' या तिन्ही शब्दांचे रूप एकच, 'पण', उरते. 'कला', 'काल', 'कुल' आणि 'कौल' हे चारही 'कल' होतात. युनिकोड संस्थेच्या नमुना-शोधविषयक प्रमाणकात अशा चिन्हांना शब्दघटक मानावे असे सांगितले आहे. तेव्हा हा दोष लिपीच्या अंगचा नाही.

या उदाहरणाचा नीट विचार करावा. यात कोणी मराठीचा द्वेष केला असे नाही. कॅन्ससमधील इंग्रजी दैनिकाला शीर्षकाची लिपी हा विषयच नव्हता. ती बाब आगंतुक होती आणि त्यांच्या परीने त्यांनी ती उत्तम रीतीने सोडविली. मराठी ग्रंथसूची रचणाऱ्या विद्यार्थ्याला मात्र मात्रा हा शब्दाचा प्राण आहे, कारण मात्रेवाचून दोन ग्रंथांची नावे एक होऊन बसतात. शिवाय दोष एका थरात नाही. चौकट भाषेवर उभी, भाषेची यंत्रणा अक्षराच्या एका कल्पनेवर उभी. वरच्या थरात मुभा दिली तरी खालच्या थरातील गृहीत तसेच राहते. ज्याने फक्त वरचा थर पाहिला आहे, त्याला 'मरठ' कोठून आले याचा पत्ता लागणार नाही. तो आपल्याच लेखनात चूक शोधीत बसेल.

असाच एक लहान दाखला माणसाच्या नावाचा. जँगोच्या आयत्या 'वापरकर्ता' या नमुन्यात नावाची दोन क्षेत्रे आहेत: पहिले नाव आणि शेवटचे नाव. आपल्याकडे स्वतःचे नाव, वडिलांचे वा पतीचे नाव आणि आडनाव अशी तीन अंगे रूढ आहेत. मधले नाव कोठे घालावे हे ज्याचे त्याने ठरवावे लागते. १.५ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१३ पासून, स्वतःचा नमुना देण्याची सोय झाली खरी. परंतु ती प्रकल्पाच्या आरंभीच करावी लागते; भिंत चढल्यावर चौकट बदलणे जिकिरीचे होते. म्हणजे हा निर्णय विद्यार्थ्याने नेमका अशा वेळी घ्यावयाचा, की जेव्हा असा निर्णय घ्यावयाचा असतो हेच त्याला ठाऊक नसते.

६

यावर एक आक्षेप येईल. दोष इतके असतील तर चौकट टाकून का देऊ नये? या आक्षेपाचे उत्तर अनुभवच देतो. जो चौकट नाकारितो तो काही महिन्यांत स्वतःची चौकट बांधून बसतो. पत्त्यांवरून कामे वाटणे, अर्ज तपासणे, नोंदी उतरविणे ही कामे पुनःपुन्हा येतात आणि त्यांना काही तरी आकार द्यावाच लागतो. फरक इतकाच की, ही घरगुती चौकट कोणी तपासलेली नसते, तिला दस्तऐवज नसतात, आणि तिचा कर्ता निघून गेला की ती वाचणारा कोणी उरत नाही. अर्थात् प्रसिद्ध चौकटीही अमर नसतात. गूगलने २०१० मध्ये पुढे आणिलेल्या 'अँग्युलरजेएस'ला २०१६ मध्ये मूळ रचनेशी न जुळणारा उत्तराधिकारी मिळाला, आणि २०२१ च्या अखेरीस तिचा आधार थांबला. जे केवळ तिची रीत शिकले होते, त्यांचे पुष्कळसे ज्ञान तिच्याबरोबर गेले. ज्यांना त्या रीतीमागील कारणे कळली होती, त्यांना ती कारणे पुढच्या चौकटीत पुन्हा भेटली.

तेव्हा चौकट स्वीकारावी, परंतु वाचून स्वीकारावी, असा या परीक्षणाचा निष्कर्ष आहे. आरंभी सांगितलेल्या दोन्ही पक्षांना तो थोडासा गैरसोयीचा वाटेल. चौकट साधन आहे म्हणणाऱ्याला हे मान्य करावे लागेल की, साधनाला मत असते. चौकट विद्यार्थ्याला पंगू करिते म्हणणाऱ्याला हे मान्य करावे लागेल की, पंगुत्व न वाचण्यातून येते, चौकटीतून नव्हे.

या निष्कर्षाला व्यवहारात काही रूप मिळावे म्हणून एक सूचना करावीशी वाटते. पदव्युत्तर प्रकल्पाच्या प्रबंधात वापरलेल्या चौकटीचे नाव आणि आवृत्ती आज एका ओळीत येते. तेथे एक प्रकरण असावे आणि त्यात तीन प्रश्नांची उत्तरे विद्यार्थ्याने द्यावीत. या चौकटीने माझ्या वतीने कोणते निर्णय घेतले? ते कोणाच्या गरजेतून घेतले गेले? माझा विषय त्या गरजेपासून कोठे वेगळा आहे, आणि तेथे बाहेर पडण्याचे दार चौकटीने ठेविले आहे काय? ही उत्तरे पाठ्यपुस्तकात मिळणार नाहीत. चौकटीचा मूळ मजकूर उघडून पाहावा लागेल. जँगोच्या बाबतीत तो सर्वांस खुला आहे. 'पुणे' हा शब्द घालून 'पण' का बाहेर येते, एवढे एकच कोडे विद्यार्थ्याने मुळापर्यंत जाऊन सोडविले, तर चौकट, भाषा आणि लिपी या तिन्ही थरांचा परिचय त्याला एका बैठकीत होईल. आणि तो दोष दुरुस्त करण्याचा मार्ग त्याला सापडला, तर ती दुरुस्ती त्याने मूळ कर्त्यांकडे अवश्य धाडावी. ज्या चौकटीतून आपण रोज ये-जा करितो, तिची उंची आपल्या मापाने वाढवून घेण्याचा अधिकार आपल्यालाही आहे. तो मागावयास आपल्यापैकी कोणी तरी गेले पाहिजे.